जपानी दुकानातला शनिवार

काकूच्या घरी सकाळ शिंकांनी व्हायची. पलीकडच्या खोलीतून पहिली शिंक ऐकू आली की मी पांघरुणातच पडल्या पडल्या मोजायला लागायचे. दहा, अकरा, कधी तेरा. मग खालून काका विचारायचे, "झाल्या का?" आणि वरून उत्तर जायचं, "झाल्या. चहा टाका." काकूचं म्हणणं, इथल्या हवेत परागकण फार. नोव्हेंबरात झाडांना पान नाही तर पराग कुठले, असं काका पुटपुटायचे आणि विषय तिथेच मिटायचा. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सांगलीहून शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये स्थायिक झाले. माणूस कमालीचा मितभाषी. शनिवारी सकाळी तिथल्या ग्रंथालयाच्या एका खोलीत आपल्या लोकांच्या मुलांना मराठी शिकवायचे, तेवढेच काय ते भरपूर बोलायचे. काकू नागपूरची, तिच्या बोलण्याला खंड म्हणून नाही. मला तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मला अहो-जाहो केलंस तर जेवायला वाढणार नाही. एका जपानी कंपनीच्या कचेरीत ती नोकरीला होती आणि तिच्या शेजारच्या टेबलावर हारुको नावाची बाई बसायची. काकू तिला हारुको-सान म्हणायची. तिच्याकडून काकूनं दोन गोष्टी उचलल्या. एक जपानी खाण्याचं वेड आणि दुसरी एक उशी. उशीत कापसाऐवजी कसल्याशा धान्याची टरफलं भरलेली होती. मानदुखीवर फार चांगली म्हणून हारुको-साननं भेट दिलेली. कूस बदलली की ती सुपात धान्य पाखडल्यासारखी वाजायची.

मी तेव्हा न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, एम.एस.च्या पहिल्या सेमिस्टरला होते आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत चार दिवस काकूकडे आले होते. मी मुळातच भित्री भागूबाई. फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो आणि सगळी इमारत रिकामी करतात असं कुणीतरी सांगितल्यामुळे मी तीन महिने बिनफोडणीचं वरण खाल्लं होतं. प्रोफेसरांच्या दाराशी जाऊन टकटक न करता परत आले होते, तेही दोनदा. त्यात निघताना आईनं पत्रिका दाखवून आणली होती आणि साडेसाती नुकतीच लागलेली निघाली होती. "शनिवार धर. बाकी मारुती बघून घेईल," एवढं सांगून तिनं माझ्या बॅगेत साबुदाण्याची दोन किलोंची पिशवी कोंबली. शनीवर माझा विश्वास होता असं नाही, पण परक्या देशात त्याची परीक्षा कोण घेणार? मी शनिवार काटेकोर धरत होते.

बुधवारी संध्याकाळी काकूनं मला विमानतळावरून उचललं ते थेट जपानी दुकानातच नेलं. घरी जाऊन हातपाय धुते म्हटलं तर म्हणाली, "हातपाय तिथेही धुता येतात." दुकान दोन गावं पलीकडे होतं, केवढं तरी मोठं. अर्ध्या भागात वाणसामान आणि अर्ध्या भागात टेबलं-खुर्च्या मांडून चहूबाजूंनी खाण्याचे गाळे. काचेमागे प्रत्येक पदार्थाची मेणाची हुबेहूब प्रतिकृती. मी काकूचा कोट धरूनच चालत होते. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नसे आणि इथे तर वासच समुद्राचा. पण काकू माझ्यासारख्यांना सांभाळून घेण्यात तयार झाली होती. हारुको-साननं तिला मांसाची, माशाची आणि अंड्याची जपानी अक्षरं शिकवली होती. पाकीट उलटं करून, चष्मा कपाळावर सारून ती त्या बारीक मजकुरात ही तीन अक्षरं शोधायची, तांदळात खडे शोधावेत तशी. सापडली नाहीत की पाकीट माझ्या हातात. "खा. मी आहे ना."

पहिला खाल्ला तो भाताचा त्रिकोण. भोवती काळा कागद गुंडाळल्यासारखं शेवाळ आणि आत एक आंबट-खारट फळ. मी डोळे मिटून चावा घेतला आणि एकदम सांगलीला पोचले, कारण ते फळ आमच्या घरच्या वर्षभर मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याइतकं खारट होतं. शेवाळाचा कागद मात्र टाळूला चिकटला आणि आता हा घशात जातो की काय या भीतीनं मी पेलाभर पाणी प्यायले. मग तांदळाच्या पिठीचा लिबलिबीत गोळा. उकडीच्या मोदकाची पारी जरा जास्तच मळली गेली तर होईल तसा, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं पुरण. हा गोळा घशात अडकून जपानात म्हातारी माणसं दगावतात, ही माहिती काकूनं माझा घास तोंडात असताना दिली. मी तो एकच गोळा पाच मिनिटं चावत बसले. त्या चार दिवसांत मी जे जे खाल्लं ते असंच, भीत भीत. तांदळाचे सोया सॉस लावून भाजलेले खाकऱ्याएवढे कडक कुरकुरीत पापड, वरून टरबुजासारख्या रेघा असलेला गोड पाव, गुळाच्या पाकातल्या शंकरपाळ्यांसारखं काहीतरी, भाजलेल्या सातूचा थंडगार चहा. काकूच्या ओट्याखालचा एक अख्खा खण अशा पाकिटांनी भरलेला होता आणि टीव्हीसमोर बसलं की तो खण उघडायचा. आज माझी मुलगी हेच सगळं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते आणि मोबाइलकडे बघत संपवते. यात भिण्यासारखं काय होतं, हे तिला कळत नाही आणि मला समजावता येत नाही. मला मात्र त्या भीतीसकट ते दिवस आवडले होते. घरापासून इतक्या लांब, कुणीतरी माझ्या घासातले खडे निवडत होतं.

शनिवार उजाडला. माझा उपास. सकाळी काकूनं साबुदाणा भिजवायला काढला तर मी आणलेली पुडी पुरेशी नव्हती. आपल्याकडची दुकानं उशिरा उघडतात, तोवर जपानी दुकानात जाऊन येऊ, असा बेत तिनं काढला. काका मराठीच्या वर्गासाठी बाहेर पडले, त्यांच्यामागून आम्ही. बाहेर आभाळ राखाडी, रस्त्याच्या कडेला बर्फाचा चिखल.

दुकानात शिरताच डाव्या हाताला एक म्हातारी जपानी बाई छोटं टेबल मांडून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला इवल्याशा कपांतून चहा देत होती. शेजारी वाडग्यात त्याच चहाचे भाजलेले तपकिरी दाणे. हे नुसतेही खातात, असं ती खुणेनं सांगत होती. काकूनं हे काय म्हणून विचारलं. सोबा, म्हणजे बकव्हीट, असं उत्तर मिळालं. सोब्याच्या शेवया काकूला माहीत होत्या, पण त्यांचं पाणी माशाचं असतं म्हणून तिनं कधी तोंडाला लावल्या नव्हत्या. बकव्हीट म्हणजे काय, हे मात्र मला माहीत होतं. पिस्कॅटवेला माझ्याबरोबर राहणारी दिल्लीची मुलगी नवरात्रात त्याच्या पिठाच्या पुऱ्या करायची. कुट्टू म्हणायची ती त्याला. हे मी काकूला सांगितलं. आयुष्यात क्वचितच मी एखादी गोष्ट इतक्या खात्रीनं सांगितली असेल.

"म्हणजे उपासाला चालतं?" काकूनं विचारलं.

"त्यांच्याकडे चालतं."

"त्यांचा देव न् आपला देव काय वेगळा आहे का? चल, मग आज मी पण तुझ्यासंगं उपास करते. एकटी काय उपाशी राहशील?"

काकूनं जन्मात उपास केलेला नव्हता. सकाळपासून नुसता चहा झालेला, तेवढ्या भांडवलावर तिनं तिथल्या तिथे उपास जाहीर केला आणि दाण्यांचं पाकीट घेतलं. तीन अक्षरं तपासली. एकही नव्हतं. गाडीत बसल्यावर पाकीट फोडून तिनं माझ्या ओंजळीत ओतलं आणि स्वतः दोन मुठी खाल्ल्या. भाजणी परतताना स्वयंपाकघरात जो वास सुटतो, तीच चव. शेंगदाणे घालून याचा चिवडा करू, थालीपीठ करू, असे बेत रचत ती हायवेला लागली.

पाच-सात मिनिटं झाली असतील. काकू एका हातानं दुसऱ्या हाताचा तळवा खाजवायला लागली. उजव्या तळव्याला खाज म्हणजे लक्ष्मी येणार, असं म्हणून हसली. मग मान खाजवली. मफलर ओढून काढला तेव्हा मला दिसलं, गळ्यावर गांधी उठल्या होत्या, रुपयाएवढ्या, लालभडक. मी सांगितल्यावर तिनं आरशात एक नजर टाकली.

"पित्त उठलं," ती म्हणाली. "उपाशीपोटी चहा ढोसला ना सकाळी. घरी जाऊन आमसुलाचं पाणी घेते."

मला ते इतकं पटलं. आमच्या घरात अंगावर काहीही उठलं की ते पित्तच असायचं आणि आई आमसूल भिजवून चोळायची. उपास केला की पित्त होतं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. दोन सुशिक्षित बायका, एकीची निम्मी हयात अमेरिकेत गेलेली, आणि दोघींनाही दुसरं काही सुचलं नाही. मी पर्समध्ये एखादी आवळासुपारी सापडते का बघत होते. सापडली आणि तिला दिली, याची आज शरम वाटते.

मग काकू बोलायची थांबली. ती खाकरली, पुन्हा खाकरली, आणि गप्प झाली. काकूला गप्प झालेली मी तोवर पाहिलीच नव्हती. मी तिच्याकडे बघितलं तर ओठ सुजलेले, डोळे बारीक झालेले, आणि श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजतेय. मला गाडी चालवता येत नव्हती. दोन्ही बाजूंनी ट्रक धडधडत जात होते. मारुतीचं नाव घ्यायचं तर तेही धड आठवेना. काकूनं कशीबशी गाडी उजवीकडे घेतली, कडेला लावली, धोक्याचे दिवे लावले आणि आपला फोन माझ्या मांडीवर टाकला.

मी काकांना फोन लावला.

हे वाक्य मी इतकी वर्षं कुणासमोर उच्चारलेलं नाही. ९११ मला ठाऊक होतं. विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात तासभर बसवून शिकवलं होतं. पण घरात काही झालं की आधी मोठ्या माणसाला विचारायचं, हे हाडीमाशी खिळलेलं. वडिलांना विचारल्याशिवाय आमच्याकडे डॉक्टरसुद्धा आला नाही. परक्या पोलिसांना फोन करायचा, इंग्रजीत बोलायचं, आणि नुसतंच पित्त निघालं तर? काका ओरडतील तर? काकांनी उचलला नाही. मी पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली. शेजारी काकू स्टिअरिंगवर कपाळ टेकून श्वास ओढत होती. मी तिसऱ्यांदा लावला. मी रडत होते आणि फोनला "उचला ना, उचला ना" म्हणत होते.

तेव्हा काकूनं हात लांब करून माझ्या हातातून फोन घेतला. बोटं सुजली होती, तिला बटणं नीट दाबता येत नव्हती. तिनं स्वतः ते तीन आकडे दाबले आणि फोन माझ्या कानाला लावून धरला.

पलीकडून एका बाईनं शांतपणे विचारलं, तुम्ही कुठे आहात. मला माहीत नव्हतं. कुठला रस्ता, कुठली दिशा, काहीच नाही. तिनं सांगितलं की रस्त्याच्या कडेला मैलाची लहान हिरवी पाटी असेल, ती वाचा. मी दार उघडून उतरले. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, प्रत्येकाबरोबर चिखल उडत होता आणि वाऱ्यानं मी कोलमडत होते. कठड्याला धरून किती चालले कोण जाणे. पाटी सापडली, आकडे ओरडून सांगितले, आणि मागे वळून पाहिलं तर गाडीत काकूचं डोकं दिसत नव्हतं. ती गेली, असं मी धरून चालले. गाडीपर्यंतची ती पावलं मला अजून स्वप्नात दिसतात, फक्त स्वप्नात ती संपत नाहीत.

ती गेली नव्हती, बाजूला कलंडली होती. अँब्युलन्स आली. त्यांनी तिच्या मांडीत सलवारीवरूनच इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं ती शिट्टी थांबली. मला कुणीतरी पुढे बसवलं, पट्टा लावला.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरनं काय खाल्लं ते विचारलं. मी पर्समधून पाकीट काढून दिलं. बकव्हीट, असं मी म्हणताच त्यानं भलताच प्रश्न केला, घरी टरफलांची उशी आहे का. मला वाटलं, माझं इंग्रजी चुकतंय. पण त्यानं समजावलं. त्या उशीत याच धान्याची टरफलं असतात. त्यांची धूळ रोज नाकात जाऊन जाऊन एखाद्याच्या शरीराला त्या धान्याचं वावडं जडतं, आणि मग तेच धान्य पोटात गेलं की असं होतं. सकाळी शिंका येतात का? मी म्हटलं, तेरा.

काका आले ते कोटाची बटणं न लावताच. काकूला बघून आले, बाहेर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि खिशातून फोन काढून बघत राहिले. वर्गात कोट खुंटीला होता. फोन कोटात होता.

"तीन वेळा केलास गं तू," ते म्हणाले. "तीन वेळा. आणि मी उचलला नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणायला हवं होतं की काका, तुमची काही चूक नाही, मी तुम्हाला फोन करायलाच नको होता. ती तीन-चार मिनिटं मी घालवली. तुम्ही उचलला असतात तरी हेच म्हणाला असतात की आधी ९११ लाव. एवढंच म्हणायचं होतं. पण मग मला विचारलं गेलं असतं की तू का नाही लावलास. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी रडतेय. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

काकूला सगळं माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर जो भेटायला येईल त्याला ती सांगायची, "या पोरीनं फोन लावला म्हणून मी आज बोलून राहिली." माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, बेधडक सांगायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपापले. नंतर ती माझी गोष्ट होऊन गेली. नातेवाइकांत मी धीराची पोर ठरले. आई फोनवर म्हणाली, शनिवार धरलास म्हणून निभावलं. मी त्यानंतर एकही शनिवार धरला नाही, हेही तिला सांगितलं नाही. टरफलांची उशी काकांनी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली आणि त्या घरातल्या शिंका महिन्याभरात थांबल्या. जपानी दुकान मात्र काकूनं सोडलं नाही. चौथं अक्षर तेवढं शिकून घेतलं.

बदलले ते काका. त्या दिवसापासून त्यांनी फोन अंगावेगळा केला नाही. वर्गात शिकवताना टेबलावर, गणपतीच्या आरतीत शर्टाच्या खिशात, नाटकाला गेले की हातात. घंटा पुरी वाजू द्यायचे नाहीत. लोक हसायचे, चेष्टा करायचे की काकांना राष्ट्राध्यक्षांचा फोन यायचा असतो. मीही त्या हसण्यात असायचे. दोन वर्षांपूर्वी काकू वारली, झोपेत, शांतपणे. तिच्या अंत्यविधीच्या वेळी हॉलमध्ये सगळ्यांना फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. काकांनी त्यांचा बंद केला नाही, नुसता मुठीत धरून बसले.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा ठरवलं की छापायच्या आधी त्यांना सांगायचं. ऐंशी उलटलीय त्यांची, आता नाही तर कधी? काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, दोनच वाक्यं. काल तिकडचे सकाळचे नऊ वाजल्याचं बघून फोन लावला. अर्धी घंटा वाजली असेल नसेल.

"बोल गं. सगळं ठीक ना?"

धाप लागली होती त्यांना. जिन्यावर होते बहुतेक. मी कागदाकडे बघितलं.

"हो काका. सहजच केला."

"बरं केलंस," ते म्हणाले. मग दम घेऊन, "उचलला ना लगेच?"

"हो काका," मी म्हटलं. "लगेच उचललात."